कुष्ठरोग आणि गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्ये

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचा उपद्रव महाराष्ट्राच्या इतर भागांच्या मानाने अधिक राहिला आहे. भाताची रोवणी व कापणी करणाऱ्या हातांस या रोगाने बधिरता आली, म्हणजे विळ्याची जखम झालेलीही कळत नाही. या रोगावरील पहिले स्वस्त व गुणकारी औषध डॅप्सोन हे गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्य होय. म्हणून या भागातील रसायनशास्त्राच्या अभ्यासकास त्याचा परिचय असणे अगत्याचे आहे.

गंधकाचा विशेष असा की, कार्बनशी जोडलेल्या स्थितीतही तो प्राणवायू ग्रहण करू शकतो. दोन बेंझीन वलये केवळ गंधकाने जोडली असता सल्फाइड होते. गंधकावर प्राणवायूचा एक अणू आल्यास सल्फॉक्साइड व दोन आल्यास सल्फोन मिळते. डॅप्सोन हे सल्फोन असून त्याच्या प्रत्येक वलयावर, गंधकाच्या समोरील टोकास, एक अमिनो गट असतो. ते तयार करण्याची एक रीत सोपी आहे. नायट्रो गट असलेली दोन वलये प्रथम गंधकाने जोडावयाची, त्या सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून सल्फोन मिळवावयाचे, आणि शेवटी नायट्रो गटांचे क्षपण करावयाचे.

हे द्रव्य १९०८ साली जर्मनीत फ्रॉम व विटमन यांनी प्रथम तयार केले. परंतु त्याचे औषधी गुण त्या वेळी कोणी तपासले नाहीत. १९३५ साली प्राँटोसिल या सल्फा औषधाचा शोध प्रसिद्ध झाल्यावर संशोधकांचे लक्ष तत्सदृश द्रव्यांकडे वळले. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे डॉ. फॅगेट यांनी प्रोमिन हे डॅप्सोनपासून बनविलेले द्रव्य कुष्ठरोग्यांस देण्यास प्रारंभ केला. पुढे खुद्द डॅप्सोनच अल्प मात्रेत पुरेसे ठरले. वर्धा येथील गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५० नंतरच्या दशकात गावोगाव पाहणी, लोकशिक्षण व उपचार यांची जी पद्धत घालून दिली, तिचा आधार हीच स्वस्त गोळी होती.

जंतू पॅरा-अमिनो बेंझोइक आम्लापासून फॉलिक आम्ल बनवितात. डॅप्सोनची रचना त्या आम्लाशी मिळतीजुळती असल्याने ते ही क्रिया अडविते. मनुष्यास फॉलिक आम्ल अन्नातून मिळते. त्यामुळे त्याची तशी हानी होत नाही. तथापि हे औषध सर्वथा निर्धोक नव्हे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असणाऱ्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. शिवाय डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असल्याचे १९६४ साली मलेशियात सिद्ध झाले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली.

हेच द्रव्य उद्योगातही उपयोगी पडते. विमानांच्या भागांसाठी लागणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सी राळेस घट्टपणा आणण्यासाठी त्याचा वापर होतो. तेथे त्याचे दोन अमिनो गट राळेच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात.

द्रव्य तयार होणे आणि ते रोग्याच्या हाती पडणे यांत येथे सुमारे चाळीस वर्षे गेली. नवे संयुग केवळ वितळणबिंदूसह नोंदवून ठेवण्यात समाधान मानणे किती महाग पडते, हे यावरून ध्यानी येईल. गंधकयुक्त द्रव्ये बनविणाऱ्या प्रयोगशाळेने जंतुशास्त्राच्या विभागाशी आरंभापासूनच संबंध ठेवला पाहिजे.