लुगड्याचा रंग

आमच्या वाड्याच्या माजघरात, देवघराच्या दारालगत, पणजीची तसबीर होती. हिरवं नऊवारी लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. दिवाळीच्या आधी तिची काच पुसण्याचं काम माझ्याकडे असे. पणजोबा १८९७च्या पुण्याच्या प्लेगात गेले, तेव्हा आजोबा दोन वर्षांचे होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तसबीर रोज पाहत होतो. पण ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांशेजारी ठेवून पाहावं, असं कुणालाच कधी सुचलं नाही.

मागच्या वर्षी वाडा पाडायचं ठरलं आणि तसबीर माझ्या घरी आली. उजेडात पाहिली तर खालच्या कोपऱ्यात बुरशी, एका कडेला कसरीने कुरतडलेलं, पदरावरच्या रंगाचे पोपडे सुटलेले. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून मिनिटभरात पणजी 'नवी' करून दाखवली. चेहरा गुळगुळीत झाला होता, पण डोळे भलत्याच बाईचे होते. शेवटी जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेले.

त्यांनी आधी मलाच धडे दिले. जुना फोटो ओल्या फडक्याने पुसायचा नाही. काचेला चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही. फाटला तर चिकटपट्टी लावायची नाही, तिच्या डिंकाचा डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचा नाही, आणि उन्हात तर नाहीच. सगळ्यात आधी, आहे त्या अवस्थेत त्याची चांगली प्रत काढून ठेवायची आणि काय ती दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. "मूळ फोटोला हात जितका कमी लागेल तितकं बरं, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी चौकटीमागचे गंजके खिळे एकेक करून काढले. मागची लाकडी फळी निघाली. अशा फळीतलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि फोटो तपकिरी पडतो, हे ते सांगत होते. तेवढ्यात फळी आणि पुठ्ठा यांच्यामधून कागदात गुंडाळलेला आणखी एक फोटो खाली घसरला.

जाड पुठ्ठ्यावर डकवलेला तो कुटुंबाचा एकत्र फोटो होता. मधे खुर्चीवर पगडीवाले थोरले चुलत पणजोबा, मागे रंगवलेला पडदा, भोवती बायकामुलं. अगदी कडेला एक बाई. अंगावर काळं लुगडं, पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. ना नथ, ना कुंकू. तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा ऐन वेळी हलला असावा, कारण त्याचा चेहरा पुसट आला होता. बाईचा चेहरा मात्र स्पष्ट होता. तो तसबिरीतलाच होता.

"हे काळं नाही," कारागीर म्हणाले. त्या काळातल्या फोटोच्या काचा निळ्या रंगाला फार लवकर जागत, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे फिकं निळं वस्त्र पांढरं दिसे आणि तांबडं काळं. सवाष्णींच्या कपाळावरचं कुंकूही अशा फोटोत काळा ठिपका होऊन येतं. म्हणजे हे तांबडं आलवण होतं. पदराखाली केस नव्हते.

मी तो फोटो घेऊन आत्याकडे गेले. ती आजोबांचं शेंडेफळ, आता सत्त्याऐंशी वर्षांची. तिने पणजीला पाहिलेलं नाही, पण फोटो हातात घेऊन ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, आई सांगायची मला. आजी गेल्यावर दादांनी हाच फोटो स्टुडिओत नेला. तिच्या एकटीचा फोटो नव्हताच. त्यातून मोठा करून घेतला आणि रंगवायला दिला. रंगवणाऱ्याने विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं? दादा म्हणाले, हिरवं."

आपल्या आईला हिरव्या लुगड्यात पाहिल्याचं आजोबांना आठवणं शक्यच नव्हतं.

मी पुन्हा कारागिरांकडे गेले, तेव्हा भाचाही बरोबर होता. त्याचं म्हणणं, खोटा रंग काढून टाकावा. पणजी जशी होती तशीच दिसली पाहिजे, तिच्यावर जे लादलं गेलं ते झाकायचं कशाला? त्याचं चुकत नव्हतं. आलवण आणि केशवपन हे आमच्याच घराने तिला दिलं होतं, आणि पुढे आमच्याच घराने ते चौकटीत फळीमागे ठेवून दिलं. पण कारागिरांनी तसबीर उजेडात धरली. कुंकवाचा रंग इतर रंगांपेक्षा जाड होता, दोनदा लावल्यासारखा. "रंग काढायचा प्रयत्न करता येईल," ते म्हणाले, "पण तुमच्या आजोबांनी आईसाठी केलेलं एवढं एकच तर इथे उरलंय."

आम्ही रंग काढला नाही. पोपडे होते तिथेच बसवून घेतले, बुरशी थांबवली, मागची फळी बदलून आम्लविरहित पुठ्ठा घातला. कुरतडलेली कड तशीच ठेवली. एकत्र फोटोची प्रत काढून तेवढ्याच मोठ्या चौकटीत बसवली. आता दोन्ही आत्याच्या खोलीत शेजारी शेजारी आहेत.

प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं आणि नाती लिहून ठेवावीत, असं कारागिरांनी बजावलं होतं. पुढच्या पिढीला दुसरं कोण सांगणार? एकत्र फोटोतल्या अकरा माणसांपैकी आत्याला सात ओळखता आली. चौघांपुढे आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं. मग हिरव्या तसबिरीची पाठ तिच्यासमोर धरली. तिने पणजीचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आणि मी पेन्सिल खाली ठेवणार तोच म्हणाली, "थांब, अजून एक लिही. लुगड्याचा रंग मुलाने सांगितला."