एक ‘चार्ज’, ओझी अनेक

बोईसर स्टेशनवरून नवापूर रोडने जाणाऱ्या रिक्षात बसावे आणि नुसते कान उघडे ठेवावेत. रिक्षावाला सांगतो, रात्रीचा जादा चार्ज पडेल. कॉलेजचा मुलगा कुरकुरतो, मोबाईलची चार्जिंग संपली. एक बाई आनंदाने सांगते, सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, उद्या डिस्चार्ज देतील. कोपऱ्यातला कामगार मात्र गप्प असतो. त्याच्या खिशात कंपनीने दिलेली चार्जशीट असते.

एकाच रिक्षात एकच शब्द पाच तऱ्हांनी येतो. आपल्या आयाबाया शाळेत गेल्या नसतील, पण हा इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी रुळलेला आहे. तो बोलता येणे वेगळे आणि कागदावर दिसला की त्याचा अर्थ कळणे वेगळे. या दोहोंतल्या अंतरात गरीब माणसाचे पैसे जातात, कधी नोकरीही जाते.

या शब्दाचे मूळ गाडीत आहे. जुन्या लॅटिन भाषेत ‘कारुस’ म्हणजे गाडी. तिच्यावरून गाडीत माल भरणे, ओझे लादणे या अर्थाचे क्रियापद झाले. ते फ्रेंच भाषेतून इंग्रजीत येऊन ‘चार्ज’ झाले. कार, कार्गो, कॅरी हे त्याचेच भाऊबंद. ओझे हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. आपल्या मराठीनेही तो बरोबर पकडला आहे. पदाचा चार्ज म्हणजे कार्यभार. सरचार्ज म्हणजे अधिभार. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा चार्ज म्हणजे प्रभार. सगळीकडे ‘भार’ आहेच. आरोप या शब्दाचा मूळ अर्थही एखाद्यावर काहीतरी ठेवणे असाच आहे. म्हणून जिथे चार्ज दिसेल तिथे विचारावे, ओझे कसले आणि ते कोणाच्या खांद्यावर?

घरातला चार्ज

घरातले ओझे विजेच्या बिलापासून सुरू होते. महावितरणच्या बिलात चार्जला ‘आकार’ म्हटले आहे. स्थिर आकार हा एकही युनिट जाळले नाही तरी भरावा लागतो. वीज आकार वापरलेल्या युनिटवर असतो. वहन आकार तारांमधून वीज आणून पोचवण्याचा. इंधन समायोजन आकार इंधनाच्या व वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे बदलतो. त्याखालचे वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे. खोली बंद ठेवून गावी गेलो तरी बिल कसे आले, म्हणून पुष्कळजण भांडायला जातात. त्याचे उत्तर स्थिर आकाराच्या रकान्यात असते. आणि युनिटच चुकीचे लागले असतील, तर भांडण वीज आकारावर करायचे असते. कुठल्या रकान्यावर बोट ठेवायचे हे माहीत असले की खिडकीवरचा माणूसही नीट उत्तर देतो.

दुसरा चार्ज गावच्या जमिनीवर असतो. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढले की जमिनीवर चार्ज चढतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तो ‘बोजा’ म्हणून नोंदला जातो. बोजा म्हणजे पुन्हा ओझेच! कर्ज फिटले म्हणजे नोंद आपोआप पुसली गेली असे धरून चालू नये. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा, तो तलाठ्याकडे द्यावा, फेरफार करून घ्यावा आणि नवा उतारा काढून पाहावा. नाहीतर वडिलांनी फेडलेले कर्ज मुलाच्या वाटणीच्या वेळी पुन्हा उभे राहते.

कारखान्यातला चार्ज

रासायनिक कारखान्यात रिॲक्टरमध्ये कच्चा माल टाकण्याला चार्जिंग म्हणतात. हा शब्द अगदी मूळ अर्थाचा, भरणे, लादणे. कोणता माल आधी, किती आणि किती वेळाने टाकायचा, हे चुकले तर आतली उष्णता आवरत नाही आणि स्फोटही होऊ शकतो. म्हणून चार्जिंगवर उभ्या राहणाऱ्या हेल्परला मालाची नावे आणि धोके त्याच्या भाषेत समजलेच पाहिजेत.

दुसरा चार्ज गोड वाटतो. “आजपासून स्टोअरचा चार्ज तुझ्याकडे,” असे साहेब म्हणाले की माणूस घरी पेढे नेतो. आमच्याकडे आलेल्या एका कामगाराचे असेच झाले. पगार वाढला नाही, लेखी आदेश नाही, मालाची यादी नाही. फक्त किल्ली मिळाली. आठ महिन्यांनी माल कमी भरला आणि हातात चार्जशीट पडली. तीत लिहिले होते, स्टोअर तुमच्या चार्जमध्ये होते, म्हणून तुमच्यावर हा चार्ज ठेवण्यात येत आहे. पहिल्या चार्जचा अर्थ जबाबदारी, दुसऱ्याचा आरोप! आम्ही उत्तरात एवढेच विचारले की चार्ज देताना केलेली, दोघांच्या सह्यांची मालाची यादी दाखवा. ती यादीच नव्हती. चौकशीत आरोप टिकला नाही. पण ते घर चार महिने नीट झोपले नव्हते.

म्हणून चार्ज घेताना आदेश लेखी घ्यावा, यादी करून दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत घरी ठेवावी. चार्जशीट आली तर घाबरून ती नाकारू नये. नाकारली तरी ती पोस्टाने येते किंवा नोटीस बोर्डावर लागते. “प्रत मिळाली” एवढे लिहून तारखेसह सही करावी. त्या सहीने आरोप कबूल होत नाही. मजकूर मराठीत मागावा आणि मुदतीत लेखी उत्तर द्यावे. चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे. चौकशी तिच्यानंतर व्हायची असते.

पोलिसांची चार्जशीट म्हणजे आरोपपत्र. गुन्हा नोंदला की आरोपपत्र गेले, असे आपले लोक समजतात. तसे नसते. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे तपास करून 60 दिवसांत विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल करणे हे तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. फिर्याद दिल्यावर हे दिवस कॅलेंडरवर मोजावेत.

राखणारा चार्ज

हा भार नेहमी दाबणाराच असतो असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात अनुच्छेद 112 पाहा. राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, महालेखापरीक्षक यांचे पगार भारताच्या संचित निधीवर ‘चार्ज’ केलेले आहेत. मराठीत त्याला भारित खर्च म्हणतात. अनुच्छेद 113 प्रमाणे या खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण तो मतास टाकला जात नाही. न्यायाधीशाचा निकाल आवडला नाही म्हणून त्याचा पगार मतदानाने अडवता येत नाही. इथे ओझे तिजोरीवर ठेवले आणि न्यायासनाला मोकळे केले.

आता उरला डिस्चार्ज, म्हणजे ओझे उतरवणे. दवाखान्यातून मिळाला तर घरात आनंद. ते कार्ड जपून ठेवावे, रजेला आणि विम्याला लागते. कंपनीने दिला तर कामावरून कमी केले. आणि आपल्या नवापूरला त्याचा तिसरा अर्थ माहीत आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरजवळच्या समुद्रात सोडले जाते. इंग्रजी कागदात त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. पाणी नीट शुद्ध न होता गेले तर कारखान्याचे ओझे उतरते आणि मच्छीमाराच्या जाळ्यात येऊन पडते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. जानेवारी 2022 मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांवर भरपाई बसवली. म्हणजे उतरवलेले ओझे ज्याचे त्याच्या खांद्यावर परत ठेवले.

आज रात्री घरात पडलेली बिले, उतारे, कंपनीची पत्रे एकत्र काढावीत. शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला जवळ बसवावे. जिथे चार्ज, आकार, भार, बोजा असे शब्द दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करून अर्थ समजून घ्यावा. न कळलेल्या कागदावर सही करू नये आणि न कळलेला कागद फेकूही नये. जे ओझे आपले आहे ते आपण उचलूच. दुसऱ्याचे मात्र केवळ शब्द कळला नाही म्हणून उचलायचे नाही.