‘वहिनी, एनआरव्ही गेलाय!’

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर आमचा लोणावळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा, आणि घरात मोरीच्या नळाला करंगळीएवढी धार! नळवाल्याला बोलावलं. तो गच्चीवर जाऊन आला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, एनआरव्ही गेलाय. युनियन कापून नवा टाकावा लागेल." मी आपली शहाण्यासारखी मान डोलावली. पैसे दिले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय बिघडलं होतं?" तर मला धड सांगता येईना. टोक मोडून बघितल्याशिवाय पाव किलो भेंडी न घेणारी मी! आणि धार? ती होती तेवढीच.

शेवटी ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली, तळहातावर आपटली. चिमूटभर वाळू पडली. नळ धो-धो वाहू लागला. मी आदल्या कामाचं सांगितलं तेव्हा ते हसत सुटले. "ताई, युनियन असतो कशाला? पाइप न कापता जोड खोलता यावा म्हणून! तो कापायचा कशाला?"

त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला आणि टाकीपासून नळापर्यंत सगळ्यांची नावं विचारून घेतली. मैत्रिणींनो, ही नावं फार अवघड नाहीत. टाकी भरली की आपोआप पाणी थांबवतो तो तरंगत्या गोळ्याचा बॉलकॉक. टाकी वाहत राहिली तर आधी त्याच्याकडे बघा. एनआरव्ही म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा, उलट न फिरू देणारा दरवाजा. बेसिनखाली किंवा फ्लशच्या टाकीशी भिंतीत असतो तो अँगल कॉक. तो बंद केला की घरभर पाणी न तोडता तेवढीच दुरुस्ती होते. नळ ठिबकतोय, तो आटे फिरवायचा जुना असेल तर ‘वायसर’ म्हणजे वॉशर झिजलंय, काही रुपयांचं काम. पाव फेऱ्यात उघडणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर नसतंच, आतला स्पिंडल बदलावा लागतो. आणि ‘चार सुती’ ऐकून गोंधळू नका, एका इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सुती पाइप अर्ध्या इंचाचा.

मोरीतल्या जाळीखालच्या वाडग्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते सुकतं आणि दार उघडताच नाक धरावं लागतं. इथल्या बंद बंगल्यांतून हे नेहमीचंच. नळवाला नको, तांब्याभर पाणी ओता.

‘प्रेशर नाही’ हेही असंच ऐकून सोडून देण्याचं वाक्य. वळवणच्या तलावाचं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून वीज करतात. पाणी एवढ्या उंचीवरून उतरतं, म्हणून त्याला जोर! आपल्या घरातही तोच हिशेब. टाकी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर हातभरच उंच, मग शॉवर रडणारच. तो नळाचा दोष नव्हे. तिथे कुणी ‘प्रेशर पंप’ सुचवला तर आधी गीझरवर किती ‘बार’ लिहिलंय ते वाचा. एक बार म्हणजे जवळजवळ तेच दहा मीटर.

आता गीझर. इथे नुसते पैशांचे प्रश्न नाहीत, म्हणून जरा सावकाश वाचा. सासूबाईंच्या वेळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात काटक्या, करवंट्या पेटायच्या, भोवती पाणी. झाकण नुसतं ठेवलेलं, त्यामुळे वाफ कोंडायची नाही. आणि बंब असायचा परसात, नाहीतर कौलारू न्हाणीघरात. धूर निघून जायचा. (डोळे मात्र आमचेच चुरचुरायचे!)

विजेचा गीझर हा बंद डबा. पाणी तापलं की फुगतं, त्याला वाट हवी. पाणी पुरेसं तापल्यावर वीज तोडतो तो थर्मोस्टॅट. तो बिघडला तर कट-आउट. दोघेही फसले तर शेवटचा राखणदार सेफ्टी व्हॉल्व्ह, थंड पाण्याच्या नळीवर बसवलेला. पाणी तापताना त्यातून चार थेंब पडणं चांगलंच आहे. फरशी ओली होते म्हणून तिथे बूच मारणारी माणसं मी पाहिली आहेत! तसं कधी करू देऊ नका. टाकी रिकामी झाली असेल तर आधी गरम नळातून पाणी येतंय ना ते बघा, मगच बटण दाबा. कोरडी कॉइल जळते. अर्थिंग तपासून घ्या, आणि विजेच्या पेटीत ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर वायरमनला बोलवा.

गॅस गीझरचं मात्र मला नणंदेकडून कळलं. ती तळेगावला असते. पावसाची झड आत येते म्हणून त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला बाहेरून प्लास्टिक ठोकलं होतं, गीझर आत. भाची अंघोळीला गेली, बराच वेळ झाला, हाका मारल्या तरी ओ देईना. कडी तोडली तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. उघड्यावर आणलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, पोर वाचली.

हा गीझर म्हणजे आपला बंबच, फक्त धूर दिसत नाही. खोलीतली हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो; ह्याला वासही नाही, रंगही नाही. डोकं जड, मळमळ, चक्कर, मग शुद्धच जाते. म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. तो आत असेल तर बदलेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, बंद करा, हवा खेळू द्या, मगच अंघोळीला जा. कुणाला चक्कर आली तर आधी त्या माणसाला बाहेर काढा, गीझर बंद करा आणि लगेच डॉक्टर गाठा.

सौर बंबाबद्दल विचाराल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात छान, पण इथल्या आषाढ-श्रावणात ढगच हटत नाहीत. त्याला विजेची कॉइल जोडून घ्यावीच लागते.

नणंदेकडून परतल्यावर मी आमच्याही न्हाणीघराच्या खिडकीवरचं प्लास्टिक काढून टाकलं. पाऊस आत येतो, पायपुसणं चिंब होतं. ह्यांची कुरकुर चालू आहे. मी दोन पायपुसणी जास्तीची आणून ठेवली आहेत.