विश्लेषण : डेस्कटॉप बंद पडला म्हणजे ‘गेला’ का? जुन्नर-आंबेगावात आधी काय तपासावे?

जुलै अखेरीकडे झुकला की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव परिसरातील सेवा केंद्रांपुढे गर्दी वाढते. खरिपाचा पीकविमा, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले ही सारी कामे एकाच सुमारास येतात. नेमका तेव्हाच केंद्रातला डेस्कटॉप सुरू होत नाही. ‘मदरबोर्ड गेला असेल’ असे कुणीतरी सांगते आणि डोंगराकडच्या वाडीवरून एसटीने आलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. पण बंद पडलेला प्रत्येक संगणक निकामी झालेला नसतो. अनेकदा दोष वीजपुरवठ्यात, सैल झालेल्या जोडणीत किंवा पन्नास रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या एका सेलमध्ये असतो. तो ओळखायचा कसा?

बिघाड नेमका कुठे, हे कसे कळते?

गावात ज्या डब्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, ते खरे तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्यातील मदरबोर्डवर बसवलेला प्रोसेसर. कॅबिनेटमध्ये वीज एका ठरलेल्या वाटेने फिरते. भिंतीतल्या बोर्डातून यूपीएस, तिथून एसएमपीएस, तिथून मदरबोर्ड. मग प्रोसेसर आणि रॅम जागे होतात, पडद्यावर चित्र येते आणि शेवटी हार्डडिस्कवरून विंडोज सुरू होते. गाडी या वाटेवर कुठे थांबली, हे पाहिले की निम्मे निदान होते.

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, तर दोष वीजपुरवठ्यात शोधावा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची केबल किंवा रॅम पाहावी. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे काही होत नाही, तर संशय हार्डडिस्कवर. दहा-पंधरा मिनिटे चालून संगणक आपोआप बंद होतो, तर उष्णता किंवा अशक्त झालेला एसएमपीएस. हा क्रम सोडून थेट सुटे भाग बदलायला घेतले की खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो.

काहीच सुरू होत नसेल तर पहिली पाच मिनिटे काय करावे?

त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का, ते पाहावे. यूपीएस बाजूला ठेवून कॅबिनेटची वायर थेट बोर्डाला लावून पाहावी. अशाने संगणक सुरू झाला, तर दोष यूपीएसचा. कॅबिनेटच्या मागचे, एसएमपीएसवरचे लहान बटण चुकून बंद झालेले नाही ना, तेही बघावे. साफसफाईत ते अनेकदा दाबले जाते. पॉवर केबल दुसऱ्या संगणकाची किंवा मॉनिटरची लावून पाहावी.

तरीही काही नाही, तर वायर काढून सुरू करायचे बटण तीस सेकंद दाबून धरावे. आत साठून राहिलेली वीज निघून जाते. विजेच्या झटक्यानंतर अडकलेला मदरबोर्ड कधी कधी एवढ्याने मार्गी लागतो. पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र असे जोडलेले सगळे काढून पुन्हा सुरू करून पाहावे. एखाद्या यूएसबी उपकरणातील शॉर्टमुळेही संगणक अडतो.

विजेच्या चढ-उताराने काय होते?

घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. एसएमपीएस तिचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये करतो. मळ्यातील अनेक वस्त्यांना शेतीपंपांच्याच वाहिनीवरून वीज मिळते. थ्री फेज आली की एकाच डीपीवरचे पंप एकदम सुरू होतात आणि दाब खाली जातो. पंप थांबले की तो वर चढतो. हा खेळ रोज सोसून एसएमपीएसमधील कपॅसिटर थकतात. मग संगणक कधी सुरू होतो, कधी नाही.

त्याहून धोकादायक म्हणजे डीपीवर किंवा खांबावर सैल झालेला न्यूट्रल. तो तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दिवे अचानक प्रखर झाले किंवा पंखा वेगाने फिरू लागला, तर संगणकाचे बटण शोधत न बसता मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला कळवावे.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. वीज त्या केबलवाटेही मदरबोर्डपर्यंत पोहोचते. जवळ पडलेल्या विजेपासून साधा यूपीएस संगणकाला वाचवत नाही.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

यूपीएस असूनही संगणक का बंद पडतो?

घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत तिची ताकद ओसरते. लाइट गेल्या क्षणी संगणक बंद पडत असेल, तर यूपीएस नवा घेण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. काम जपून ठेवून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देणे, हे त्याचे काम. तासभर झेरॉक्स-प्रिंट काढण्यासाठी तो नाही. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. आतील हीटर तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस कोलमडतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या का येतात? खोडदच्या दुर्बिणीशी त्याचा काय संबंध?

एसएमपीएस वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यातून विद्युत गोंगाट तयार होतो. तो अडवण्यासाठी आत एक फिल्टर असतो आणि तो गोंगाट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडतो. अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात, पण ती अर्थिंग नसल्याची खूण आहे. उद्या आत खरोखर शॉर्ट झाला, तर तीच कॅबिनेट जीवघेणी ठरू शकते. थ्री पिन प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हा गोंगाट किती महत्त्वाचा असतो, हे जुन्नर तालुक्याला वेगळे सांगायला नको. खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० डिश आहेत. त्यातील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात. संगणक, एलईडी दिवे, चार्जर यांचा गोंगाट त्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे अशा ठिकाणी संगणक धातूने वेढलेल्या खोल्यांत ठेवावे लागतात. आपली लोखंडी कॅबिनेट हेच काम लहान प्रमाणात करते. म्हणून तिचे झाकण काढून संगणक वापरू नये. धूळ आणि उंदीर यांच्याबरोबर गोंगाटाचाही विचार त्यात आहे.

पंखा फिरतो, पण पडदा काळा. मग?

आधी मॉनिटरचा स्वतःचा दिवा पाहावा आणि केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्याच्याच पोर्टला हवी. तरीही पडदा काळा असेल, तर पुढचा संशय रॅमवर.

प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबल्या की ती सुटते. तिच्या पिवळ्या पट्टीवर हवेतील ओलाव्याने आणि धुळीने थर बसतो. स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवून, चुरा झटकून, रॅम ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. दोन रॅम असतील, तर एकेक लावून पाहावी. संगणक सुरू होताना येणाऱ्या बीप मोजून ठेवाव्यात. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या बनावटीनुसार बदलतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला ती मोठी खूण असते.

इंटरनेट चालू आहे, तरी सरकारी संकेतस्थळे का उघडत नाहीत?

उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षे मागे गेली असेल, तर उत्तर तिथेच आहे. मदरबोर्डवर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सीआर-२०३२ सेल असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर असली, की ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून दार बंद करतो. डिजिटल सहीही याच कारणाने अडते. तारीख दुरुस्त केली की काम लगेच सुरू होते. सेल बदलला की पुन्हा अडत नाही.

पश्चिम पट्ट्यात आणि पूर्व पट्ट्यात काळजी वेगळी का?

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूला पावसाळ्यात धुके आणि ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही. बंद संगणकात ओल साचते, पट्ट्या गंजतात. तिथल्या शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संगणक काम नसले तरी रोज अर्धा तास चालवावा. आतील उबेमुळे ओल टिकत नाही. कॅबिनेट जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नये. मुक्कामी ओल लागलेला संगणक लगेच सुरू न करता कोरड्या जागी एक दिवस ठेवावा.

पूर्वेकडे, महामार्गालगतच्या गावांत खरा त्रास धुळीचा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी तयार होते. उष्णता बाहेर पडली नाही, की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तीन-चार महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ काढावी. ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मागच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या लावाव्यात. तिथूनच पाली, मुंग्या आणि उंदीर आत शिरतात.

कधी थांबायचे?

हार्डडिस्कमधून ‘टकटक’ आवाज येऊ लागला, तर लगेच संगणक बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने उरलेली माहितीही जाऊ शकते. एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड बाजारात पुन्हा मिळतात. पतसंस्थेच्या नोंदी, शाळेचे दाखले, दुकानाची उधारी पुन्हा मिळत नाही. नारायणगावहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. तिथे जाऊन माहिती परत मिळवण्याचा खर्च अनेकदा नव्या हार्डडिस्कच्या कितीतरी पट होतो आणि यशाची खात्रीही नसते. म्हणून आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. विजेचा एकच झटका दोन्ही नेऊ शकतो.

जळका वास, फुगलेले कपॅसिटर किंवा ठिणगी दिसली, तर घरगुती प्रयोग थांबवावेत.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

जुना संगणक धिमा असण्याचे कारण बहुधा फिरती हार्डडिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, की कार्यालयीन कामासाठी तोच संगणक आणखी काही वर्षे चालतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ते नसेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकता येते. पण आपले अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सही तिच्यावर चालते का, हे सेवा केंद्रांनी आधी तपासावे.

दुकानात नेताना काय सांगावे?

फक्त कॅबिनेट न्यावी. मॉनिटर, कीबोर्ड नेण्याची गरज नसते. दुचाकीवर नेताना ती जाड गोधडीत गुंडाळावी. ‘चालत नाही’ एवढेच न सांगता तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात : शेवटी केव्हा चालला, त्याआधी लाइट गेली-आली होती का, आणि सुरू करताना नेमके काय दिसते किंवा ऐकू येते. हार्डडिस्कवरची माहिती न विचारता पुसू नये, असे स्पष्ट सांगावे. बदललेला जुना भाग परत मागावा. तो ग्राहकाचाच असतो.