फ्लामेंको आणि घरांतील तंबोरा

साताऱ्यास आमच्या माडीवर नातवानें पॅको द लुसिया (१९४७–२०१४) याचें वादन लावलें, तेव्हां आम्ही प्रथम कपाळाला आठ्याच घातल्या. स्पेनमधील अंदालुसियाची ही फ्लामेंको गिटार. तारा पट्टीच्या अगदीं लगत, म्हणून स्वरांत किंचित् खरखर. पुढें ध्यानांत आलें कीं, ती मुद्दामच राखलेली असते. २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्यांत कारागीर घोडी घासून, तारेखालीं सूत सरकवून जी जवारी काढतात, तिचेंच हें दूरचें भावंड!

मातोश्री गेल्यापासून त्यांचा मिरजेचा तंबोरा गवसणींतच होता. गेल्या महिन्यांत सांगलीवरून आगगाडीनें तो मिरजेस नेला व जवारी काढून आणली. आतां पहांटे सूनबाई षड्ज लावते. नातू संध्याकाळीं गिटार ऐकतो. मातोश्रींच्या खोलीचें दार आम्ही उघडेंच ठेवतों.