निर्गुंडी : नदीकाठचे औषधी झुडूप

हेमलकशानजीक भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात पुराचे पाणी काठच्या शेतांत शिरते. अशा ओलसर काठी निर्गुंडी उत्तम वाढते. तिची पिकलेली फळे मिऱ्यांसारखी काळी दिसतात. पावसाळ्याच्या आरंभी फांद्यांची कलमे बांधावर लावावीत. माती धरून राहते व गुरे सहसा पाला खात नाहीत.

सुजलेले सांधे वाफवलेल्या पानांनी शेकण्याची रीत जुनी आहे. वाळलेला पाला कणगीतील धान्यात घातल्यास किडीचा उपद्रव कमी होतो.

मात्र थंडी वाजून ताप आल्यास शेकावर विसंबू नये. या जिल्ह्यात हिवताप अद्याप आढळतो. आरोग्य केंद्रात अथवा १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.