भिंतीची जाडी आणि दुधाची बाटली

परदेशी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला आपली पहिली खोली आठवत असते. आमच्या मंडळातील एका मावशींची खोली ब्रिटनमधील एका औद्योगिक शहरात, लाल विटांच्या एकमेकांना जोडून असलेल्या दुमजली घरांच्या रांगेत होती. ती रांग आता पाडली गेली आहे. मावशींनी जपलेले एक छायाचित्र आणि त्यांची आठवण यांच्या आधारे त्या घराची प्रतिकृती त्यांच्या पंचाहत्तरीला भेट द्यावी, असे आम्ही गेल्या हिवाळ्यात ठरविले. त्या घराचा तयार संच बाजारात मिळणे शक्य नव्हते; पॉलिस्टायरिनच्या पांढऱ्या शीट कापून सर्व काही हातानेच घडवायचे होते. पहिला प्रयत्न फसला, आणि तो शीटची जाडी चुकल्यामुळे फसला. असे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी तो अनुभव येथे मांडत आहोत.

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी रूढ असलेले प्रमाण आम्ही स्वीकारले : खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६. या प्रमाणात खरे तीन इंच म्हणजे एक मिलिमीटर. शीटची जाडी मात्र येथे अजूनही इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. छांदिष्ट मंडळी त्याला ‘थाऊ’ म्हणतात. १० थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, २० म्हणजे अर्धा, ४० म्हणजे एक आणि ६० म्हणजे दीड मिलिमीटर, एवढा हिशेब व्यवहारात पुरतो.

आम्ही विटांचा उठाव असलेली २० थाऊची शीट घेतली. ती सुरीने सहज कापते, खिडक्यांचे गाळे झटपट निघतात. त्या गाळ्यांच्या मागे खिडक्या चिकटविल्या, कोपऱ्यांत द्रावक सढळ हाताने सोडले आणि घर उभे केले. दाराचा रंग विचारावा म्हणून ते मावशींना दाखविले. त्या बराच वेळ कौतुकाने पाहत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “घर आमचंच आहे रे बाळांनो, पण दूध कुठं ठेवायचं?”

त्या काळी त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. हिवाळ्यात दुधाची बाटली खिडकीबाहेरच्या दगडी कट्ट्यावर, भिंतीच्या खोबणीत ठेवलेली असे. आमच्या प्रतिकृतीत ती खोबणच नव्हती. २० थाऊची भिंत म्हणजे खऱ्या घराची अवघी दीड इंचाची भिंत! शिवाय काही आठवड्यांतच ती भिंत आतल्या बाजूस वाकली.

मग आम्ही प्रथम खऱ्या घराच्या मापांचा हिशेब मांडला. अशा घरांची भिंत बहुधा एका विटेच्या लांबीइतकी, म्हणजे नऊ इंच जाड असते; आपल्या प्रमाणात तीन मिलिमीटर. खिडकीची चौकट बाहेरील अर्ध्या विटेच्या मागे बसविलेली असते. त्यामुळे बाहेरून दिसणारी खोली साडेचार इंच, म्हणजे बरोबर दीड मिलिमीटर. तेव्हा पूर्ण तीन मिलिमीटरची भिंत उभारण्याची गरज नव्हती. ४० थाऊच्या शीटवर विटांची २० थाऊची शीट चढविली की ६० थाऊ होतात आणि खिडकी जागच्या जागी जाऊन बसते.

यातून एक नियम हाती आला : जेथे कड दिसते तेथे खरे माप, जेथे कड दिसत नाही तेथे बळ. सरकत्या खिडकीची लाकडी चौकट पावणेदोन इंचांची असते. तिला २० थाऊ शोभते. छपरावरील स्लेटची पाटी जेमतेम पाव इंच जाड. १० थाऊची पट्टी तेथे पाऊण इंचाच्या फळीसारखी दिसते, म्हणून ५ थाऊ घ्यावी. त्या पट्ट्यांखालचे छप्पर आणि आतले मजले-पडद्या कोणाला दिसत नाहीत. तेथे ६० थाऊ निःशंकपणे वापरावी. जाडी दुप्पट केली की शीटचा ताठपणा आठपट होतो, हे ध्यानात ठेवावे.

मात्र केवळ जाडीने वाकणे थांबत नाही. द्रावक प्लॅस्टिक विरघळवून सांधा जोडते. दोन थरांत ते कोंडले की पुढे कित्येक दिवस शीट मऊ ठेवते आणि ओढते. म्हणून मागच्या थराला ठिकठिकाणी बारीक छिद्रे पाडावीत, द्रावक कुंचल्याने अगदी बेताने लावावे, जोडलेले थर सपाट काचेवर वजनाखाली रात्रभर ठेवावेत. आतून पडद्यांचा आधार द्यावा आणि प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा. द्रावकाची वाफ अपायकारक व ज्वालाग्राही असते. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे. आत दिवा लावायचा असल्यास भिंती आतून काळ्या रंगवाव्यात, नाहीतर पांढऱ्या प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो.

दुसरे घर तयार होऊन आज पाच महिने झाले. भिंती सरळ आहेत. दुधाची बाटली सुमारे तीन इंच व्यासाची, म्हणून एक मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या काडीचा तुकडा कापून आम्ही तो कट्ट्यावर उभा केला. दीड मिलिमीटरच्या खोबणीत तो नीट मावला.

पंचाहत्तरीच्या दिवशी मावशींनी चष्मा वर सरकवून घर डोळ्यांजवळ नेले. “दोन हव्यात,” त्या म्हणाल्या. “एक आमची, एक मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडाची. त्यांच्या खिडकीवर ऊन यायचं.”

आम्ही त्याच संध्याकाळी दुसरी काडी कापली.